चांदणी की एम

लॅपटॉपसमोर मी बसायची आणि हे माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसायचे, आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नव्हती. ऑफिसला नाही, घरमालकीण आंटीला नाही, गावाकडे सासूबाईंना तर नाहीच नाही. लॅपटॉप यांच्या ऑफिसचा, नोकरी यांची, डोकं यांचं, आणि बटणं दाबणार मी, नववी नापास.

दिवाळीच्या आसपास सुरू झालं ते. एक दिवस सकाळी हे म्हणाले, "अगं, तुझं तोंड मधोमध पुसल्यासारखं का दिसतंय?" मला वाटलं मस्करी करतायत, मी म्हटलं, पावडर जास्त झाली असेल. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्र वाचता येईना, महिन्याभरात मोबाईलवरचे मेसेज गेले. इथल्या, दिल्लीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सकाळपासून लाईन, डोळ्यांत थेंब, एक मशीन, दुसरं मशीन, परत थेंब, आणि मग एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली की डोळ्यामागची नस सुकत चाललीय, ऑपरेशन नाही, चष्मा नाही, मधलं दिसणं जाईल आणि कडेकडेचं राहील. आईकडून येतं म्हणे हे. मी आधी काय विचारलं तर, "और बच्ची को?" ती म्हणाली, बाप से नहीं जाता. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, नहीं जाता. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आईला कळता कामा नये. ती म्हणेल, माझ्यामुळे झालं."

पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. हे चालायचे नीट, चहा करायचे, द्वारकेच्या आमच्या गल्लीतून मेट्रोपर्यंत एकटे जायचे. फक्त जिथे नजर लावायची तीच जागा गायब. म्हणजे वाचायचं असेल तर नेमकं ते अक्षरच नसायचं.

काम यांचं नोएडात, एका लहानशा कंपनीत. दूध आणि औषधं नेणाऱ्या थंड गाड्या असतात ना, त्यांत बसवायची एक तळहाताएवढी काळी पेटी ती कंपनी बनवते, आत किती थंड आहे ते दर मिनिटाला लिहून पाठवणारी. त्या पेटीच्या आत लिनक्स चालतं, मोबाईलमध्ये अँड्रॉइड असतं तसं, आणि त्या लिनक्सच्या पोटात काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवायचं काम यांचं. यांनी मुलगी आजारी असते असं सांगून घरून काम मागितलं, यांच्या वरच्या सरांनी दिलंही. भला माणूस तो.

रोज सकाळी दाढी करताना हे एकच म्हणायचे, "डोळे गेले तर गेले, डोकं तर शाबूत आहे ना." कधी मला म्हणायचे, कधी आरशाला. मला आधी वाटायचं नोकरी वाचवायची आहे. मग कळलं, नोकरी नाही, यांना हे वाक्य वाचवायचं होतं.

मोबाईलमध्ये बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर यांनी टाकलं होतं, पण ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये ते टाकायचं तर परवानगी मागावी लागते, आणि परवानगी मागायची म्हणजे का पाहिजे ते सांगायचं. म्हणून मी.

मी इंग्रजी वाचते ते दुकानाच्या पाट्या वाचतात तसं, एक एक अक्षर. निळा पडदा, मध्ये राखाडी पाटी, पाटीवर ओळीच ओळी, खाली जा, अजून खाली जा, संपतच नाही. प्रत्येक ओळीच्या आधी कंस. कंस रिकामा असला तर ती गोष्ट नाही. कंसात चांदणी असली तर ती गोष्ट आतच भरलेली, पेटी जागी होतानाच तिच्या अंगात. आणि कंसात एम, म्हणजे मॉड्यूल, असला तर ती बाहेर ठेवलेली, पेटी जागी झाल्यावर गरज पडली की डिस्कवरून उचलून आणायची. या एकेका गोष्टीला ड्रायव्हर म्हणतात. पेटीला स्वतःहून काही येत नाही, प्रत्येक भाग चालवायला एक ड्रायव्हर.

"मग सगळ्यांनाच चांदणी द्या ना, झंझट नको," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"आणि जागा तुझ्या बापाची? पेटीत यासाठी एवढीशी जागा असते, ठरलेली. सगळे आत घेतले की मावत नाही."

"मग सगळ्यांना एम."

"मग जागी कशी होणार ती? कुणीतरी आत पाहिजे ना जागं करायला." मग समजावून सांगितलं यांनी, मला अजून पाठ आहे. "जे नसलं तर पेटी उठणारच नाही, त्याला चांदणी. जे लागलं तरच लागतं, ते एम. आणि वाय-फायला तर चांदणी देऊच नको, त्याचं स्वतःचं सामान डिस्कवर असतं, डिस्क उघडायच्या आधीच त्याला उठवलं तर रिकाम्या हातांनी उभं राहतं बिचारं."

मी ओळ वाचायची आणि विचारायची, "चांदणी की एम?" हे डोळे मिटून ऐकायचे, कारण उघडे ठेवले की त्रास होतो म्हणायचे, आणि म्हणायचे, "चांदणी." "एम." "एम." "ते काढून टाक." मुलगी माझ्या मांडीवर, तिचा हात बटणांवर येऊ नये म्हणून मी तिला एका हाताने धरायची. ती पण म्हणायला लागली, एम, एम. हे म्हणाले, "बघ, आई म्हणायच्या आधी एम म्हणतेय, नोएडाची पोरगी." किती दिवसांनी हसलो होतो आम्ही. शेवटी काय काय टाईप करायचं ते मी वहीत मराठी अक्षरांत लिहून ठेवलं होतं, एम ए के ई, मग जागा सोडायची, असं. ते टाईप केलं की काळ्या पडद्यावर ओळी पळत सुटायच्या आणि सगळं मिळून एक फाईल व्हायची. ती ऑफिसला पाठवायची.

ऊन वाढायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. फाईल जागेपेक्षा मोठी होत होती. त्या दिवशी यांना दवाखान्यात नजरेची तपासणी होती, निघता निघता दारात उभं राहून म्हणाले, "पाच गोष्टी चांदणीवरून एमवर ने. ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि ते दुसरं नेट. मावेल बघ पाचात. बाकी कशाला हात लावू नकोस." मी बोटांवर मोजलं, हो म्हटलं. हे गेले. मेट्रो बोलून सांगते ना स्टेशनं, म्हणून एकटे जायचे.

मी पाच केल्या. फाईल बनवली. मावली नाही. थोडीशी, अगदी थोडीशी जास्त. दुपारी एक वाजता सरांचा मेसेज आला, चार वाजेपर्यंत पाहिजे, कुछ भी करके. यांना फोन लावला, बंद. तपासणीच्या खोलीत बंदच ठेवायला लावतात. परत लावला, बंद. दोन वाजले. मुलगी रडत होती, तिला खिचडी भरवत मी त्या निळ्या पडद्यावर वर खाली, वर खाली. सरांना लिहावं का की थांबा? पण हे असते तर थांबा म्हणाले नसते, सरांना संशय आला तर?

आणि तेव्हा मला ती ओळ दिसली. एमएमसी, एसडी, कार्ड. एसडी कार्ड मला कळतं, माझ्या मोबाईलमध्ये आहे ते, त्यात मुलीचे फोटो आहेत. आणि पेटी मी पाहिली होती. हे एकदा घरी घेऊन आले होते तेव्हा मी हातात धरून उलटी सुलटी करून पाहिली होती, एक वायर जायची जागा, एक अँटेना, चार स्क्रू. कार्डाला खाच नाहीच कुठे. मग कार्डच नाही तर कार्डाचा ड्रायव्हर आत कशाला? लागलं तरच लागतं, ते एम. यांचंच वाक्य. मी किती हुशार, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

एम दाबलं. फाईल बनवली. मावली!

यांच्या नावाने सरांना पाठवली, यांनी लिहायला शिकवलेलं वाक्य लिहून, सर प्लीज चेक. सरांनी अंगठा पाठवला. मी मुलीला उचलून गरागरा फिरवलं.

पाच वाजता हे आले, डोळ्यांत थेंब घातलेले, लाल झालेले. तपासणीत मधलं सगळं गेलेलं निघालं होतं, उरलं होतं तेही. मी पाणी दिलं. म्हणाले, "गेली फाईल?"

"गेली."

"पाचात भागलं?"

मी सांगणार होते. शपथ घेऊन सांगते, तोंड उघडलं होतं मी. पण यांचा चेहरा त्या ग्लासामागे असा होता, की त्या दिवसात एक तरी गोष्ट बरोबर यावी.

"हो," मी म्हटलं.

"बघ!" ग्लास खाली ठेवला यांनी. "न बघता सांगितलं की नाही? अंदाज आहे आपला. डोकं शाबूत आहे."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात गिऱ्हाईक आलं होतं पेट्या बघायला. घाईत सरांनी सगळ्या पेट्यांत तीच फाईल टाकली होती. गिऱ्हाईक उभं, चहा आला, बटण दाबलं, आणि एकही पेटी उठली नाही. एकही.

सरांचा कॉल आला. "आज कॅमेरा ऑन कर, भाई."

यांनी शर्ट बदलला. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून टेबलाच्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि मान वाकडी करून पडदा बघत होते. मुलीला बिस्किट देऊन पलीकडे बसवलं होतं.

"रूट ही नहीं मिल रहा उसको," सर म्हणाले. "आधे में मर जाता है. कॉन्फिग खोल. एमएमसी वाली लाईन पढ़ के बता, वाय है या एम?" वाय म्हणजे आमची चांदणी.

हे पडद्याकडे बघत होते, म्हणजे पडद्याच्या थोडं वरती, तसं केलं की यांना कडेने काहीतरी दिसायचं.

"पढ़ ना यार."

मी हळू आवाजात म्हटलं, "एम."

"कौन बोला?" सर म्हणाले. आणि पलीकडून माझी मुलगी मोठ्याने म्हणाली, एम.

हे माझ्याकडे वळले. सर ऐकतायत हे माहीत असून मराठीत विचारलं, "अगं, मी तेही सांगितलं होतं का?"

त्या क्षणी नुसतं नाही म्हणायचं होतं मला. एक शब्द. पण सर पडद्यावरून माझ्याकडे बघत होते, मी अर्धी दिसत असेन, गुडघ्यावर बसलेली. मला वाटलं आता पोलीसच येतील, ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावला म्हणून. मी मान खाली घातली. यांना मान दिसली नसेल, पण माझं गप्प राहणं ऐकू आलं. यांनी ते हो असं धरलं.

"मैंने ही बोला होगा, सर," हे म्हणाले. होगा. यांच्या तोंडून कामाबद्दल होगा असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"भाभी बटन दबाती हैं?"

"जी."

"कब से?"

"दिवाली से. आंखें... पढ़ नहीं पाता, सर."

सरांनी चष्मा काढून तोंडावरून हात फिरवला. "अरे यार. बता देता यार. आंखों के लिए मैं ऊपर लड़ लेता. पर ये? रूट का ड्रायव्हर मॉड्यूल में? ये तो तू नींद में भी नहीं करता था."

"हां सर," हे म्हणाले. "नहीं करता था."

कॉल संपल्यावर यांनी मला समजावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. पेटीत कार्ड नाही, पण पेटीची जी डिस्क आहे ना आत, सर रूट म्हणाले ती, ती त्या कार्डाच्याच जातीची, फक्त खाचेत न घालता बोर्डावर चिकटवलेली. तोच ड्रायव्हर दोन्ही उघडतो. "तो बाहेर ठेवला, आणि बाहेर म्हणजे कुठे? त्याच डिस्कवर. कपाट उघडणारा कपाटातच झोपलाय," हे म्हणाले. "पहिल्या वर्षाचं पोरगं पण करणार नाही हे. आणि मी तुला सांगितलं, आणि मला आठवत पण नाहीये."

मी भात लावायला गेले. कुकरच्या शिट्टीत रडून घेतलं.

आठवड्याने ऑफिसचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. सर स्वतः फोनवर बोलले, नीट बोलले, कंपनी छोटी आहे, गिऱ्हाईक गेलं, ऊपरवाले नहीं मान रहे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात यांच्या गावचे एक जण आहेत, त्यांच्याकडे जाऊन आम्ही अपंगाच्या सर्टिफिकेटचं विचारून आलो. त्यांनी चांगली चौकशी केली, फॉर्म दिला, टेलिफोनवर बसायची कामं असतात म्हणाले. "आणि कॉम्प्युटरचं?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "ते आता नको."

आणि मग ते सुरू झालं ज्याची मला जास्त भीती वाटायला लागली. गॅस बंद केला का मी? केला, मीच पाहिला. दार लावलं का? लावलं. मुलीच्या दुधात पावडर किती चमचे घातली, तीन की चार? आधी हे दूध करायचे ते बोटाने चाचपून, कधी चुकले नाहीत. आता म्हणाले, "तूच कर." भाजी आणायला जाताना यादी दोनदा म्हणून घ्यायचे माझ्याकडून आणि तरी न जाता बसायचे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईला विचारलं यांनी, हे डोक्यापर्यंत जातं का? ती म्हणाली, नाही, बिल्कुल नाही. येताना मेट्रोत म्हणाले, "तिला काय माहीत." सकाळी दाढी करताना आता काहीच म्हणायचे नाहीत.

एका दुपारी मुलगी पलंगावरून यांच्याकडे झेपावली, हात पसरून, आणि यांनी हात मागे घेतले. "तू घे तिला," मला म्हणाले, "माझा मलाच भरवसा नाही. काय विसरेन सांगता येत नाही."

मी तिला उचललं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सगळं. पाच केल्या, मावली नाही, फोन बंद होता, कार्डाची ओळ, पेटीला खाच नाही म्हणून, तुमचंच वाक्य, लागलं तरच लागतं ते एम. तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात बाकी कशाला हात लावू नकोस. मी लावला. एका श्वासात सांगितलं, थांबले असते तर परत सांगता आलं नसतं.

यांनी चेहरा माझ्याकडे वळवला.

"किती दिवस झाले?"

"सव्वा महिना."

"सव्वा महिना मी..." मग म्हणाले, "कॉलवर का नाही बोललीस?"

"घाबरले."

"मी नव्हतो घाबरलो?"

मी म्हटलं, "मी सरांना आत्ता फोन करते. सांगते, मी केलं."

"नको. आता त्याला वाटेल, बायकोवर ढकलतोय." हात झटकला यांनी. "जा, बाहेर बस जरा."

मी मुलीला घेऊन जिन्यावर बसले. खालून आंटी ओरडली, "क्या हुआ, लाईट गई क्या?" मी म्हटलं, नहीं आंटी, हवा खा रही हूं. मला वाटत होतं आता हे मला माहेरी पाठवतील, आणि पाठवलंच पाहिजे असंही वाटत होतं.

खूप वेळाने आतून हाक आली. "अगं, आत ये. पाच कोणते सांगितले होते मी?"

मी दारातच उभी राहून म्हटलं, "ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, दुसरं नेट."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. यांनी एकेक बोट मिटलं.

"आणि मावलं नाही पाचात."

"थोडंसंच राहिलं होतं."

"म्हणजे अंदाज चुकलाच माझा." पण हे म्हणताना आवाज निराळा होता. मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटलेले, पूर्वी असायचे तसे. "थोडंसं म्हणजे किती? आकडा आठवतो का तुला?"

मला आठवत होता, त्या दिवसाचं सगळंच आठवतं मला. मी सांगितला.

"मग ड्रायव्हर कशाला हलवायचे," हे म्हणाले. "थांब. ती फाईल दाबून बांधतात ना शेवटी, ते दाबायची पद्धत बदलायची. वरच्या पानावरच आहे ते, पहिल्या दहा ओळींत. जास्त दाबणारी पद्धत घेतली तर पेटी उठायला अर्धा सेकंद जास्त लागला असता, बस. तेवढ्यात मावलं असतं. पाचही चांदण्या ठेवून मावलं असतं गं, एकाला हात लावायची गरज नव्हती." हवेतच बोट खाली खाली नेत होते, ओळी मोजत. "आठवी असेल. नाही, सातवी. सातवीवर थांबायचं, आत शिरायचं, तिथे चार पाच पर्याय येतील, त्यातला खालून दुसरा..."

लॅपटॉप तर गेला होता. टेबलावर मुलीची वाटी होती आणि तो फॉर्म. यांना आता हे कुणी विचारणार नव्हतं. मी समोर बसले, आणि हे सांगत होते तसं, हो, सातवी, हो, आत शिरले, म्हणत राहिले.